मस्टरवर नसलेला कोच: डी ते सी लायसन्सचा माझा अनुभव

फुटबॉल कोच कसं व्हायचं असं विचारलं की लोक लायसन्सच्या पायऱ्या सांगतात. ई, डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. डी आणि सीच्या मधल्या पायरीवर एक हेडक्लार्क बसलेला असतो, हे कुणी सांगत नाही. मला तो भेटला. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा खाली त्याच्यावर जरा जास्त लिहिलं गेलं तर समजून घ्या.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पोरगं कुठल्या पेठेत जन्मलं यावरून ते कुठल्या तालमीच्या फुटबॉल संघासाठी घसा फोडणार हे ठरतं. मीही एका तालमीकडून शाहू स्टेडियमवर केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग खेळलो. तालमीचं नाव सांगत नाही, नाहीतर निम्मे कोल्हापूरकर इथंच वाचायचं थांबतील. मग गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशन करून परत आलो तोवर माझ्या जागेवर बाहेरून आणलेला खेळाडू पळत होता, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बराच जोरात. वडील म्हणाले, बीपीएड कर आणि कुठल्यातरी शाळेत चिकट. मी डीचा फॉर्म भरला.

डी कोर्स सहा दिवसांचा असतो. त्यातलं एकच सांगतो. तिथं शिकवायला लहान मुलं आणून देत नाहीत, कोर्सला आलेले कोचच एकमेकांचे खेळाडू होतात. म्हणजे तुमचं स्वतःचं सेशन थोडा वेळ आणि उरलेला दिवस दुसऱ्यांच्या सेशनमध्ये पळापळ. आमच्या बॅचमधले चाळिशी ओलांडलेले क्रीडाशिक्षक शेवटी शेवटी गोलकीपर कोण होणार यावरून भांडत होते. तेव्हा जाण्याआधी महिनाभर तरी पळायची सवय ठेवा. आणि प्रॅक्टिकलला खेळ उठसूट थांबवून भाषण ठोकू नका. चूक दिसली, थांबवली, करून दाखवलं, लगेच खेळ चालू. मैदानात जास्त बोलणाऱ्याचे मार्क जातात असं माझं मत झालंय.

डी हातात आल्यावर पुण्यात एका अकादमीत लागलो. घरी सांगितलं नोकरी लागली. प्रत्यक्षात व्यवहार असा की अकादमी शाळांना कोच पुरवते, शाळा अकादमीला पैसे देते आणि अकादमी मला, तेही रोख, व्हाउचरवर सही घेऊन. नेमणूकपत्र नाही, पगाराची स्लिप नाही. पुण्या-मुंबईतले निम्मे तरुण कोच असेच जगतात. सकाळी शाळेचं मैदान, संध्याकाळी टर्फ, रविवारी मॅच, आणि बॉलची पिशवी कायम स्कूटरच्या पुढ्यात. मला ते आवडत होतं. शाळेचा १७ वर्षांखालचा संघ माझ्याकडे होता. आधी बॉल दिसला की अकराच्या अकरा त्याच्यामागं धावायचे, हळूहळू ती पोरं पास द्यायला लागली.

मग सीचा फॉर्म निघाला. डीचं सर्टिफिकेट, आधार, मेडिकल, फोटो, सगळं तयार. पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो, मला वाटलं होतं तोच अडेल, पण तो वेळेत आला. (मुलांबरोबर काम करायचं असेल तर तो मागितला नाही तरी काढून ठेवा.) शेवटी एकच कागद राहिला. डी झाल्यापासून तुम्ही अमुक वयोगटाचा संघ प्रत्यक्ष शिकवताय, असं क्लबचं किंवा शाळेचं पत्र, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. मला वाटलं, एका दुपारचं काम.

शाळेचं ऑफिस तळमजल्यावर. हेडक्लार्कच्या टेबलाला लागून खिडकी आणि खिडकीतून पूर्ण मैदान दिसतं. हे आधीच सांगून ठेवतो. हा माणूस रोज सकाळी चहा पीत त्याच खिडकीतून माझं सेशन बघायचा. एकदा आम्ही मारलेला बॉल त्याच्या टेबलावर आला होता, तेव्हा मला बोलावून झापलंही होतं.

मी पत्राचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"सर, तुम्ही आमच्या मस्टरवर आहात का?"

"नाही, मी अकादमीतर्फे येतो."

"मग मी कुठल्या आधारावर लिहू?"

"रोज सकाळी इथं शिकवतोच की मी."

"ते दिसतं हो. पण रेकॉर्डला नाही ना."

अकादमीच्या संचालकांकडे गेलो. ते आमच्याशी दोस्तासारखे वागतात, खांद्यावर हात टाकून बोलतात. म्हणाले, "अरे, पोरं शाळेची, मैदान शाळेचं, मग पत्र शाळाच देणार ना. आमच्या लेटरहेडवर शाळेचं नाव टाकलं तर उद्या त्यांचे ट्रस्टी मला धरतील." मी म्हटलं, शाळेचं नाव नको, मी तुमच्याकडे कोच आहे एवढंच लिहा. ते हसले. "आज पत्र देतो, उद्या पीएफ मागशील." हसत म्हणाले, पण पत्र दिलं नाही. त्या हसण्यातच सगळं आलं. कागदावर मी कोच झालो की मी कुणाचातरी माणूस होतो, आणि मला आपला माणूस म्हणायला दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं.

परत शाळा. मुख्याध्यापिका बाई भल्या होत्या. "सर, मी लगेच सही करते, फक्त ऑफिसमधून टाइप होऊन येऊ दे." ऑफिस म्हणजे परत तीच खिडकी. हेडक्लार्क म्हणाले, संस्थेच्या सेक्रेटरींना विचारावं लागेल. सेक्रेटरी गुरुवारी येतात. एका गुरुवारी ते आले नाहीत, एका गुरुवारी आले आणि मागच्या दारानं गेले, मग शाळेला परीक्षेची सुट्टी लागली. बाहेरच्या बाकड्यावर माझ्याबरोबर बोनाफाईडसाठी आलेले पालक बसलेले असायचे. त्यांचे दाखले व्हायचे आणि ते जायचे. शिपाईमामांनी मला चहा द्यायला सुरुवात केली, यावरून ओळखा.

एकदा खरंच पत्र टाइप झालं. वाचलं तर त्यात लिहिलेलं, "सदर व्यक्ती शाळेच्या क्रीडा विभागास वेळोवेळी मदत करतात." मदत! फॉर्मला संघ हवा, वयोगट हवा, कधीपासून कधीपर्यंत ते हवं. मी नम्रपणे सांगितलं. दुसरा मसुदा आला. त्यात वयोगट होता, तारखा होत्या, सगळं होतं, फक्त मी व्हॉलीबॉलचा प्रशिक्षक झालो होतो. कुणाचं तरी जुनं पत्र कॉम्प्युटरमध्ये होतं, त्यातच नाव बदललं होतं. दुरुस्त करा म्हटलं तर साहेब म्हणाले, आता कागद पुढच्या आठवड्यात येतील, लेटरहेड संपलीत.

इकडे कोर्सच्या जागा भरत होत्या. सीच्या बॅचला जागा मोजक्या असतात, आणि डीवाले तुमच्या-माझ्यासारखे गल्लोगल्ली झालेत. माझ्याबरोबर डी केलेल्या एका मित्राचं नाव यादीत लागलं. त्याला गावाकडच्या क्लबनं पत्र दिलं होतं, क्लबचा अध्यक्ष त्याचा सख्खा मामा. मी अभिनंदनाचा मेसेज टाकला आणि फोन उपडा ठेवला.

गाठ सुटली ती शाळेच्या पीटीच्या सरांमुळे. निवृत्तीला आलेले गृहस्थ. माझं रडगाणं त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत, स्टीलचं कपाट उघडलं आणि एक जाडजूड फाइल काढली. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला पाठवलेल्या प्रवेशिकांच्या स्थळप्रती. सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेची जिल्हा फेरी आम्ही खेळलो होतो, त्याची प्रवेशिका त्यात होती. खेळाडूंची नावं, जन्मतारखा, आणि खाली "संघ मार्गदर्शक" या रकान्यात माझं नाव, माझी सही. शेजारी मुख्याध्यापिकांची सही आणि शाळेचा गोल शिक्का. म्हणजे सरकारी ऑफिसला शाळेनं आधीच लेखी कळवलं होतं की हा आमचा फुटबॉलचा कोच.

झेरॉक्स घेऊन मी थेट खिडकीवाल्या टेबलाकडे. त्यांनी कागद बराच वेळ बघितला.

"हे कुणी पाठवलं?"

वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक होता. अक्षर त्यांचंच.

"मग आधी सांगायचं की सर," ते म्हणाले, आणि त्याच दुपारी पत्र झालं. लेटरहेडही सापडली. शेवटी त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी एक ओळ घातली, की सदर व्यक्ती शाळेच्या सेवेत नसून या पत्राच्या आधारे सेवेचा कोणताही हक्क सांगता येणार नाही. घाला म्हटलं. फॉर्मला त्या ओळीचं काही देणंघेणं नव्हतं. बाहेर येऊन पीटीच्या सरांना मिसळ खायला घातली. एवढा आनंद मला डी पास झाल्यावरही झाला नव्हता.

ती बॅच अर्थात गेली. पुढच्या बॅचला नंबर लागला.

म्हणून ज्यांना या वाटेनं यायचंय त्यांना माझं सांगणं, कोचिंगला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून कागद जमवा. प्रत्येक स्पर्धेच्या प्रवेशिकेत मार्गदर्शक म्हणून तुमचंच नाव पडतंय का ते बघा. पुष्कळदा मॅनेजर म्हणून जाणाऱ्या भलत्याच शिक्षकाचं नाव टाकतात आणि आपण "जाऊ दे" म्हणतो. जाऊ देऊ नका, आणि झेरॉक्स ठेवा. सेशन प्लॅनची वही तारखेनिशी लिहा, सीला तिचा उपयोग होतोच. पगार रोख घेऊ नका, बँकेत मागा, रक्कम कितीही फुटकळ असली तरी. आधारवरचं नाव आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव एकच आहे ना, हेही आत्ताच तपासा. आमच्या बॅचमध्ये एकाच्या वडिलांच्या नावातल्या "राव"नं घोळ घातला होता.

सीचा कोर्स चांगला झाला. अवघड आहे, पण अन्यायाचा नाही. डीला छोट्या मैदानावर थोडे खेळाडू घेऊन काम असतं, इथं अकरा विरुद्ध अकराचा विचार सुरू होतो. बॉल आपल्याकडे नसताना कुणी कुठं उभं राहायचं, तो हिसकावल्यावर पहिले काही सेकंद काय करायचं. खेळत होतो तेव्हा हे अंगात होतं, पण समजावून सांगायची वेळ आली की जीभ अडखळायची. माझा गुडघा संध्याकाळी सुजायचा, बर्फाची पिशवी बरोबर न्या. फी तेव्हाच्या माझ्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त होती. अकादमीनं निम्मी देतो म्हटलं होतं, ते अजून देतायत. आणि लायसन्स एकदा मिळालं की जन्माचं मिळालं असं नाही. त्याला मुदत असते आणि नूतनीकरणासाठी मधल्या काळात शिकत राहिल्याचे तास दाखवावे लागतात. म्हणजे परत कागद.

सीनंतर काय बदललं? कमाई थोडी वाढली. अकादमीच्या पोस्टरवर माझा फोटो आला, नावापुढे "सी लायसन्स" ठळक अक्षरात. पालक आता खेळाडूंना परीक्षेत मिळणाऱ्या ग्रेस मार्कांव्यतिरिक्तही प्रश्न विचारतात. ऑगस्ट २०२५मध्ये खालिद जमील भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला तेव्हा वडिलांनी कोल्हापुरातून आपण होऊन फोन केला. मी त्यांना सांगितलं, की या माणसानं २००९मध्ये मुंबई एफसीपासून सुरुवात केली, २०१६-१७ला मिझोरामच्या ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली, तरी राष्ट्रीय संघ मिळायला एवढी वर्षं लागली. त्याच्या आधीचा भारतीय मुख्य प्रशिक्षक सावियो मेदेरा, २०१२ पर्यंत. वडील म्हणाले, "म्हणजे तू अजून वीस वर्षं असाच?" त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग, होणार की नाही याचाच पत्ता नव्हता, मोठ्या क्लबांतले कोच घरी बसले होते, ते मी त्यांना सांगितलं नाही.

आता बीची तयारी चाललीय. तिथंही संघ शिकवत असल्याचं पत्र लागेलच, म्हणून यंदा आधीच संचालकांकडे गेलो. नुसता माझ्यासाठी नाही. अकादमीत दोन नवीन पोरं आलीत, एक सांगलीचा, एक मिरजेचा, दोघांचंही डी झालंय आणि दोघंही व्हाउचरवर सह्या करतायत. म्हटलं, सर, सगळ्यांना एक साधं नेमणूकपत्र द्या, एका पानाचं, मसुदा मी टाइप करून आणलाय. त्यांनी तो वाचला, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, दिवाळीनंतर बघू. दिवाळी होऊन गेली. पोरांना मी तोवर एकेक फाइल आणून दिलीय, आणि पुढच्या स्पर्धेच्या प्रवेशिकेत कुणाचं नाव कुठल्या रकान्यात जातंय ते मी स्वतः बघणार आहे.