नकाशावरचा ठिपका आणि मधली मिनिटे

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे; तो बोलत नाही, आणि नाव घेऊन हाक मारली तरी ओ देईलच असे नसते. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या उद्यानात मी त्याच्या बुटाचा पट्टा लावून उठले, पिशवी उचलायला वळले आणि तेवढ्यात तो दिसेनासा झाला. त्याच्या मनगटावर जीपीएसचे घड्याळ होते, म्हणून धावण्याऐवजी मी आधी फोन उघडला. नकाशावरचा ठिपका आम्ही बसलो होतो त्याच बाकापाशी होता. मी झुडपांमागे, झोपाळ्यांपाशी, बाकाच्या चारही बाजूंना शोधत राहिले. अखेर माझी मुलगी, जी तेव्हा बारा वर्षांची होती, म्हणाली, "आई, इथे पाणी कुठे आहे?" तो कारंज्याच्या कठड्यावर पाय पाण्यात सोडून बसलेला सापडला.

घड्याळ बिघडलेले नव्हते. ते दर दहा मिनिटांनी ठिकाण कळवत होते, आणि चार्जिंग दिवसभर पुरावे म्हणून तो अवधी मीच निवडला होता. मूल साध्या चालीने चालले तरी मिनिटाला साठ-सत्तर मीटर पुढे जाते. दहा मिनिटांत ते अर्ध्या किलोमीटरपलीकडे पोहोचू शकते. ठिपका सांगतो तो भूतकाळ असतो, ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत खऱ्या अर्थाने कळलेली नव्हती. त्यानंतर घरातून निघताना मी अवधी कमीत कमी ठेवते आणि चार्जिंगची सोय बरोबर घेते.

हे उपकरण कसे चालते ते समजून घेतल्यावर त्याच्याकडून किती अपेक्षा करायची हेही कळले. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून संकेत पाठवतात आणि घड्याळ ते फक्त ऐकते. आपले मूल कुठे आहे हे उपग्रहाला कधीच ठाऊक नसते. ऐकलेल्या संकेतांवरून घड्याळ स्वतः ठिकाण काढते आणि आतल्या सिमकार्डाच्या आधारे मोबाइल नेटवर्कवरून ते आपल्याला कळवते. म्हणजे वर मोकळे आकाश हवे आणि खाली नेटवर्क हवे. उघड्या मैदानावर चूक काही मीटरची असते, पण संग्रहालयात, तळघरातल्या वाहनतळावर किंवा उंच इमारतींच्या दाटीत ती पुष्कळ वाढते, आणि एखादे मूल कोणत्या मजल्यावर आहे हे नकाशा बहुधा सांगत नाही.

ॲपलच्या एअरटॅगसारखा बटणाएवढा टॅग स्वस्त आणि हलका म्हणून अनेक पालक घेतात. त्यात जीपीएस नसते. तो ब्लूटूथचा संकेत सोडतो, जवळून जाणारा कुणाचा तरी आयफोन तो टिपतो आणि ठिकाण पुढे कळवतो. त्यामुळे गर्दीत तो उपयोगी पडतो आणि निर्जन पाणवठ्याकडे गेलेल्या मुलाच्या बाबतीत मुका होतो. २०२१ मध्ये तो बाजारात आला तेव्हापासून ॲपलची भूमिका हीच आहे की तो वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही. मी तो दुसरा आधार म्हणून वापरते, पहिला म्हणून नाही. दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. सहलीला मुलाबरोबर जाणाऱ्या शिक्षिकेच्या फोनवर "अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरत आहे" असा इशारा येऊ शकतो, म्हणून त्यांना आधी सांगावे. त्या आयफोन वापरत असतील तर २०२३ पासून टॅग इतर पाच जणांशी अधिकृतपणे शेअर करता येतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: आतली चपटी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. ज्या मुलाला वस्तू तोंडात घालण्याची सवय आहे त्याच्या कपड्यात टॅग ठेवायचाच असेल, तर तो शिवून बंद केलेला असावा.

पाण्याचा प्रश्न माझ्या मुलीला त्या दिवशी सहज सुचला. खरे तर तो सर्वांत आधी मला सुचायला हवा होता. 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत १,२१८ स्वमग्न मुलांची माहिती होती. त्यांतील ४९ टक्के मुलांनी वयाच्या चार वर्षांनंतर निदान एकदा तरी निघून जाण्याचा प्रयत्न केला होता. जी मुले काळजी वाटावी इतका वेळ बेपत्ता झाली, त्यांच्यापैकी २४ टक्के बुडता बुडता आणि ६५ टक्के वाहनाखाली येता येता वाचली होती. अशा निघून जाणाऱ्यांच्या शोधासाठी अमेरिकेत २०१८ मध्ये झालेला 'केविन अँड अवॉन्टेज लॉ' हा कायदा ज्या दोन स्वमग्न मुलांच्या नावाने आहे, त्यांतील एक नदीत बुडाला आणि दुसऱ्याचे अवशेष नदीकाठी सापडले. म्हणून आता कुठेही पोहोचल्यावर मी आधी पाणी आणि रस्ता कोणत्या दिशेला आहेत ते पाहते आणि कोणी कुठे धावायचे ते ठरवते. मी फोन घेऊन ठिपका बघते, पण मुलगी ठिपक्याची वाट न पाहता पाण्याकडे निघते. निघण्यापूर्वी त्याचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढते, कारण घाबरलेल्या आईला शर्टाचा रंग आठवत नाही.

त्याच कायद्यातली एक अट मला फार महत्त्वाची वाटते: सरकारी निधीतून दिलेले उपकरण शरीरात बसवलेले किंवा कायमचे नसावे. शरीर मुलाचे आहे. घड्याळाचा पट्टा माझ्या मुलाला टोचत असे, तो ते काढून फेकत असे, आणि काढता न येणारे कुलपाचे पट्टे मिळतात हे कळल्यावर मला मोहही झाला होता. ते मी केले नाही. चित्रांच्या कार्डांवर घड्याळ, खिसा आणि पट्टा असे पर्याय त्याच्यापुढे ठेवले. त्याने तीन दिवस एकाही कार्डाला हात लावला नाही आणि चौथ्या दिवशी खिशाच्या चित्रावर बोट ठेवले. तेव्हापासून ट्रॅकर त्याच्या विजारीच्या आतल्या बाजूने शिवलेल्या खिशात असतो.

काही उपकरणांतून पालकांना आजूबाजूचे बोलणे गुपचूप ऐकता येते. जर्मनीने २०१७ मध्ये अशी सोय असलेल्या मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली, आणि त्याच वर्षी नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने काही घड्याळांत परका माणूसही शिरू शकेल अशा त्रुटी दाखवून दिल्या. न बोलणाऱ्या मुलावर कुठे अन्याय होत असेल ही भीती मलाही आहे, आणि ऐकण्याची सोय हवी म्हणणाऱ्या पालकांना मी दोष देत नाही. तरीही मी ती बंद ठेवली आहे, कारण तो आवाज फक्त माझ्या मुलाचा नसतो. पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदलला.

घरी आल्यावर ट्रॅकर खिशातून निघतो आणि त्या दिवसाची ठिकाणांची नोंद मी पुसून टाकते. खिशाचे कार्ड तो स्वतः फळ्यावरून काढतो आणि उलटे करून खणात ठेवतो. पुढच्या वेळी निघताना ते त्याच्या हातात द्यावे लागते, आणि ज्या दिवशी तो ते घेत नाही त्या दिवशी आम्ही गर्दीच्या ठिकाणी जात नाही.