बूट किलोवर घेतले तेव्हा

सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोट तालुक्यात आमचं गाव. समोरच नरनाळा किल्ला, त्यामुळे चढायची खोड लहानपणापासूनची. पण पाठीवर बिऱ्हाड घेऊन सह्याद्रीत तीन दिवस चालायचं, रतनवाडीहून रतनगड, कात्राबाईची खिंड, मग हरिश्चंद्रगड, हे पहिल्यांदाच ठरलं होतं. डिसेंबरची तारीख पक्की झाली तेव्हा माझ्याकडे बूट होते ते मावसभावाचे. जाड चामड्याचे, कैक वर्षं पेटीत पडून असलेले. "नवेच आहेत," म्हणाला तो.

दिसायला होतेच नवे. ऑक्टोबरात सराव म्हणून ते घालून नरनाळ्यावर गेलो. महाकाली दरवाजाच्या जवळपास उजव्या पायाचा सोल टाचेकडून उघडला आणि उतरताना चक्क हातात आला. डब्याच्या पिशवीची सुतळी सोडून तो बुटाला बांधला अन् शहानूरपर्यंत लंगडत आलो.

अकोटला स्टँडजवळ बूट शिवणारे काका बसतात. त्यांनी सोल अंगठ्याने दाबला तर भुगा पडला, वाळल्या भाकरीचा पडतो तसा. "हा वापरून नाई गेला भाऊ, ठेवून ठेवून गेला." नंतर वाचलं तेव्हा कळलं, काका अगदी बरोबर बोलले होते. सोलमधला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत विरत जातो, बूट पायात घालो न घालो. त्यामुळे जुने न वापरलेले बूट कोणी देत असेल तर आधी सोल वाकवून, दाबून बघा.

घरी येताना मित्राच्या किराणा दुकानात ती जोडी काट्यावर ठेवली. १ किलो ६४० ग्रॅम. "काय बे, बूट किलोनं घेतले काय?" तो म्हणाला. पण मला तोच आकडा हवा होता. पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार ते सहा पट दमवतं, असं चाचण्यांतून दिसलेलं आहे, कारण ते दर पावलाला उचलून पुढे टाकावं लागतं. बुटात ८०० ग्रॅम वाचले तर पाठीवरचे तीन किलो तरी उतरल्यासारखे.

पहिली हलकी जोडी ऑनलाइन मागवली. नेहमीचा ८ नंबर. लांबीला बरी होती, पण पंजा मावेना. अर्धं आयुष्य अनवाणी शेतात गेलेलं, आमचे पाय पुढून फावड्यासारखे पसरट. परत न्यायला माणूस आज येतो, उद्या येतो करत बारा दिवस गेले. ती गोष्ट तिथेच सोडतो.

मग मात्र अमरावती गाठली, आणि मुद्दाम संध्याकाळी दुकानात शिरलो. दिवसभर चालून पाय फुगतात. सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी चावतो. सोबत ट्रेकला घालायचे तेच मोजे आणि पाठीवर सॅक, तिच्यात घरची आठ किलो तूरडाळ. दुकानातल्या पोराला आधी वाटलं मी डाळ विकायला आलोय.

प्रत्येक बुटातली आतली गादी बाहेर काढून तिच्यावर उभा राहिलो. करंगळी गादीच्या बाहेर लोंबली की तो बूट बाद. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग दुकानाच्या जिन्यावरून सॅकसकट चार वेळा खाली उतरलो. चढताना कुठलाही बूट गोड बोलतो. खरा स्वभाव उतारावर कळतो, बोटं पुढे आपटतात का ते.

पोरगा वॉटरप्रूफवर अडून बसला होता. बुटात पाणी शिरू न देणारं अस्तर असतं, पण वरून एकदा शिरलं की तेच अस्तर त्याला लवकर वाळूही देत नाही. आमच्याकडच्या उन्हात तर आत नुसता घाम. डिसेंबरात सह्याद्रीत पाऊस कुठला? म्हणून साधी जाळीची, घोट्यापर्यंतची जोडी घेतली, ९ नंबरची, रुंद पंजाची. किराणा काट्यावर ८६० ग्रॅम.

खरी गंमत पुढे झाली. बूट पायाला सरावावेत म्हणून रोज शेतावर घालून जाऊ लागलो. परतीचा पाऊस पडून गेला होता. पऱ्हाटीतून एक फेरी मारून धुऱ्यावर आलो तर पाय उचलेना. काळी माती सोलच्या खाचांत भरून चारी बाजूंनी थापली गेली होती, दोन्ही पायांना दोन तवे बांधल्यागत. हट्टाने तसाच दुकानात गेलो. मित्राने शिव्या देत काट्यावर वर्तमानपत्र अंथरलं. २ किलो १०० ग्रॅम! मावसभावाच्या बुटांना उगाच नावं ठेवली.

खाचा दाट असल्या की आपली माती सुटत नाही, विरळ आणि उघड्या असल्या की चालता चालता झडते. हे मला दुकानात सुचायला हवं होतं. सह्याद्रीच्या कातळावर त्याने बिघडणार नव्हतं, म्हणून बदलले नाहीत.

दुसरा त्रास कुसळांचा. गवत पिकलेलं, आणि जाळी म्हणजे कुसळांना आमंत्रणच. शेवटी जुन्या जीन्सचे पाय कापून बुटावर चढतील असे दोन बोंगे शिवून घेतले. दिसायला विदूषकी, पण निम्म्याहून अधिक कुसळं बाहेर राहिली.

ट्रेकमध्ये बुटांनी तक्रारीला जागा ठेवली नाही. कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतकडे उतरताना बोटं आपटायला लागली तेव्हा नाडी सोडली, टाच मागे रेटली, आणि वरच्या हुकांत अडकवण्याआधी नाडीला दोन वेढे देऊन आवळली. मग पाय जागचा हलला नाही. सुती मोजे घालून आलेल्या सोबत्याला मात्र पाचनईत पोचेपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले होते.

बूट आता धुऊन, आत कागद कोंबून ओसरीवर सावलीत ठेवलेत. डाव्या बुटाच्या जिभेत एक कुसळ आहे अजून. घोट्याच्या आतल्या बाजूला टोचतं, चिमटा घेऊन शोधलं की सापडत नाही.