चार्ज घेतल्यानंतरचं वर्ष

दर वर्षी 31 मेला आमच्या तालुक्यात एकदम बरेच शिक्षक निवृत्त होतात, कारण जुन्या पिढीतल्या पुष्कळ जणांची दाखल्यावरची जन्मतारीख 1 जून. 2025 च्या मे अखेरीला आमचे मुख्याध्यापक गुरुजी निवृत्त झाले, जागा रिकामीच राहिली आणि सेवाज्येष्ठतेने कार्यभार माझ्याकडे आला. दापोली तालुक्यातली, किनाऱ्यालगतची, पहिली ते सातवीची जिल्हा परिषदेची शाळा. पट साठीच्या आसपास. सहावी-सातवीचं गणित आणि विज्ञान माझ्याकडे होतं, ते तसंच राहिलं. वर शाळा आली.

कोकणात हे नवीन नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट दीडशेच्या वर असेल तर स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो, सहावी ते आठवीसाठी हा आकडा शंभर आहे. आमच्याकडे वाड्या विखुरलेल्या, घरटी एक तरी माणूस मुंबईला. त्या आकड्यांपर्यंत पोचणाऱ्या शाळा किती असणार? बाकी सगळीकडे वर्ग सांभाळून शाळा चालवणारे प्रभारी. या वर्षात मी कशी टिकले आणि काय शिकले, ते त्यांच्यासाठी लिहिते आहे.

चार्ज घेणं म्हणजे कपाटाच्या किल्ल्या घेणं नव्हे. जनरल रजिस्टर, डेडस्टॉक (टिकाऊ सामानाची नोंदवही), कॅशबुक, शेरेबुक (तपासणीचे शेरे लिहायची वही), शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, पोषण आहाराचा साठा. तांदळाची पोती वजन करून घेतली, डाळ आणि मटकी मोजली, रजिस्टरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा जुळवला, मग सही केली. हे काम मला जमतं आणि आवडतंही. कागदावरचं आणि जमिनीवरचं जुळलं की मन शांत होतं. जड गेलं ते पुढचं. त्या जूनमध्ये पहिलीचा नवा अभ्यासक्रम आला. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये बदलला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाल्याची घोषणा झाली. दरम्यान पहिलीतल्या मुलांच्या आया रोज दारात विचारायच्या, की बाई, नक्की काय शिकवणार? त्याच वेळी यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरची माहिती, अपार या विद्यार्थ्यांच्या ओळख क्रमांकासाठी आधारवरची नावं जुळवणं, पोषण आहाराची रोजची नोंद. आंब्याच्या बागांत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं आमच्याकडे येतात, हंगामाप्रमाणे जातात. त्यांच्या नावाचं स्पेलिंग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. त्या मुलांना पटावर टिकवणं मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि तो पट आमच्या अस्तित्वाचाही प्रश्न आहे. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) शासन निर्णयानंतर वरच्या वर्गांचा पट वीसच्या खाली आला की शिक्षकाचं पदच धोक्यात येतं. सहावी-सातवीची हजेरी घेताना मी दर वेळी मुलं मोजत असे. शिकवायच्या आधी मोजणं, ही सवय आतून पोखरत जाते.

मग 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीबद्दलचा (शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलचा) निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हायची. आमच्या शाळेतले सगळे 2010 च्या आधी लागलेले, म्हणजे टीईटीची अट येण्यापूर्वीचे. मी स्वतः शिक्षणसेवक म्हणून तीन हजार रुपये मानधनावर लागले होते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये कुणीच चहाला हात लावला नाही. आणि सगळे माझ्याकडे बघत होते, कारण आता मी मुख्याध्यापक.

शरीराने बोलायला सुरुवात आधीच केली होती. पहाटे तीनला जाग यायची आणि मनात पोर्टलचे रकाने फिरायचे. छातीत धडधडायचं. पोषण आहार शिजवणाऱ्या काकूंनी पहिल्यांदा हेरलं. मुलांच्या पंगतीनंतर त्या माझं ताट झाकून ठेवायच्या. एक दिवस ते ताट तसंच परत नेताना म्हणाल्या, “बाई, आज पण जेवला नाय. असं किती दिवस चालेल?” त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी दापोलीला डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब वाढलेला होता, थायरॉइड ठीक. त्यांनी गोळी दिली आणि सरळ सांगितलं, झोपेचं आणि मनाचं काय ते कुणाशी तरी नीट बोला.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी. 1886 पासूनचं मनोरुग्णालय आमच्या जिल्ह्याच्या गावी, रत्नागिरीला आहे, त्यामुळे ‘रत्नागिरीला पाठवायला हवं’ हे वाक्य आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या थट्टेत वापरलं जातं. शिक्षकच ते वापरतात, मुलांसमोरसुद्धा. त्या थट्टेमुळे किती माणसं वेळेवर मदत घ्यायची टाळतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मलाही वाटलं, बाईंना वेड लागलं म्हणतील. पण जिल्ह्यात उपचारांची इतकी जुनी सोय असणं ही लाज नाही, जमेची बाजू आहे, हे मी आता वर्गातही सांगते.

मी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन केला. 14416. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, मोफत, चोवीस तास. मराठीचा पर्याय निवडला. पलीकडच्या बाईंनी आधी झोप, जेवण, घरचं विचारलं. स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का, तेही स्पष्ट विचारलं. येत नव्हतं, तसं सांगितलं. मग त्यांचा प्रश्न आला, “दिवसातला असा कोणता वेळ आहे, जेव्हा कामाचा निरोप तुमच्यापर्यंत पोचत नाही?” मी विचार करत राहिले. केंद्राचा (आसपासच्या शाळांच्या गटाचा) ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा, पालकांचा, शाळेतल्यांचा. रात्री साडेदहाला ‘तात्काळ’ असा शब्द लिहिलेला तक्ता यायचा, सकाळी अकराच्या आत भरून द्यायचा. असा वेळ नव्हताच. त्यांनी उपदेश केला नाही. एक तास ठरवा, आणि तो कुणाला तरी सांगून ठरवा, एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी सात ते सकाळी सात ग्रुप बंद, अगदीच तातडीचं असेल तर फोन करावा, असं मी केंद्रप्रमुख सरांना लेखी दिलं. तोंडी सांगितलं असतं तर आठवड्यात विरलं असतं. सर म्हणाले, “मॅडम, फोन मात्र उचला.” उचलते. आणि खरंच सांगते, रात्री वाजलेले फोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जे काम रात्रीच हवं होतं असं वाटायचं, त्यातलं जवळजवळ सगळं सकाळपर्यंत थांबू शकत होतं.

झोप सुधारली, पण शाळा कशी चालवायची हा प्रश्न तसाच होता. प्रशिक्षणं कमी नाहीत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे आणि मुख्याध्यापकांसाठी नेतृत्व-व्यवस्थापनाच्या भागासह तेवढेच तास. निष्ठा या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स दीक्षा पोर्टलवर आहेत, मी ते केले. त्यातले काही चांगले आहेत. पण रात्री जेवणं आटोपल्यावर, रेंज येते त्या पडवीच्या कोपऱ्यात बसून व्हिडिओ पुढे ढकलत प्रमाणपत्र काढणं याला मी शिकणं म्हणणार नाही. माझ्या उपयोगी पडला तो वेगळाच कागद. दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेत 2012 पासून शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र आहे. त्याच्या अभ्यासक्रमात सात क्षेत्रं दिली आहेत: नेतृत्वाची दृष्टी, स्वतःचा विकास, अध्ययन-अध्यापनात बदल, संघ बांधणं, नवोपक्रम, भागीदारी आणि प्रशासन. मी आठवडाभर रोज काय केलं ते वहीत लिहिलं आणि या सातांपुढे मांडलं. जवळजवळ सगळे तास शेवटच्या क्षेत्रात. दुसऱ्यापुढे शून्य. तिसऱ्यापुढे फक्त माझे स्वतःचे तास. दुसऱ्या कुणाच्या वर्गात मी बसलेच नव्हते.

यातून बाहेर काढलं ते बरोबरीच्या माणसांनी. केंद्राची मासिक शिक्षण परिषद संपली की आम्ही तीन-चार प्रभारी मुख्याध्यापक थांबायला लागलो. एक खाडीपलीकडच्या शाळेच्या बाई, एक डोंगरावरच्या द्विशिक्षकी शाळेचे गुरुजी, एक उर्दू शाळेचे सर. नियम एकच ठेवला: पहिला तास पोर्टल, तक्ते, माहिती यांबद्दल बोलायचं नाही. ज्याची पाळी त्याने आपल्या शाळेतला एक खरा प्रश्न आणायचा, बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला नंतर. सल्ला न देता अर्धा तास बसणं शिक्षकांना फार कठीण जातं. पण त्या अर्ध्या तासातच माणूस स्वतःचं स्वतः ऐकतो.

माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, वयाने मोठ्या सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन बसू कशी? त्यांना तपासणी वाटेल. खाडीपलीकडच्या बाई म्हणाल्या, “ये माझ्या शाळेत, बघ.” मी गेले. त्या तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या, हातात शेरेबुक नाही, साधी वही. वाचनाचा तास होता. त्यांनी शिक्षिकेकडे पाहिलंच नाही, एका मुलीच्या वहीवर आणि ओठांवर लक्ष ठेवलं. तास संपल्यावर म्हणाल्या, “ती जोडाक्षर आलं की ओळीच्या शेवटी उडी मारते. मला पाठीमागून दिसलं, तुला पुढून दिसणार नाही.” शिक्षिकेच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला. निपुण भारत या सरकारी अभियानाचं उद्दिष्ट तिसरीअखेर समजून वाचता येणं हे आहे; त्यासाठी कुठे उभं राहून बघायचं, हे मला त्या वर्गात कळलं. माझ्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा तो तास मोठा.

आता मी आठवड्यातून दोनदा कुणाच्या तरी वर्गात मागे बसते, आणि माझ्या विज्ञानाच्या तासाला त्यांना बसायला सांगते. सुरुवात माझ्या वर्गापासूनच केली.

टीईटीचा विषयही आमच्या गटात आला. माझ्या शाळेतले वयाने सगळ्यांत मोठे गुरुजी रागाने म्हणाले होते, “इतकी वर्षं शिकवल्यावर आता माझी पात्रता बघणार?” तो राग खोटा नव्हता आणि मी तो खोडला नाही. मात्र शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही स्टाफरूममध्ये एकत्र अभ्यासाला बसायला लागलो. 150 गुणांची परीक्षा, त्यातले 30 गुण बालविकास आणि अध्यापनशास्त्राचे. डी.एड.ला पाठ केलेलं सगळं पुसलं गेलेलं. पण प्रश्न सोडवताना उदाहरणं आमच्या वर्गातलीच निघायची, आणि गुरुजी इतक्या बारकाईने मुलांबद्दल बोलायचे की मीच वहीत उतरवून घ्यायचे. गणित त्यांना मी समजावते, भाषेचं व्याकरण ते मला. माझीही परीक्षा आहेच. मुख्याध्यापक आणि सहकारी एकाच बाकावर अभ्यासाला बसले तर अधिकाराचं काय, असं एकाने विचारलं. माझं उत्तर, अधिकार वाढतो.

पालकांच्या बाबतीत आम्ही वेळ ओळखायला शिकलो. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया. बायका येतात. बाप मात्र ऑगस्टपासून बोटीवर, नाहीतर हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावात. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ते घरी असतात, जाळी विणत ओटीवर बसलेले. म्हणून वर्षाची मोठी बैठक आता बंदीच्या दिवसांत, आणि आधारची नावं जुळवायचं काम त्याच दिवसांत पालकांना बरोबर घेऊन. समितीतल्या बारावी झालेल्या एका आईने पोषण आहाराच्या साठ्याची आठवड्याची पडताळणी आपणहून अंगावर घेतली आहे. नोंद आणि सही माझीच. पण मोजताना आता मी एकटी नसते.

रक्तदाबाची गोळी चालू आहे. पहाटे कधीमधी जाग येते, विशेषतः संचमान्यतेच्या दिवसांत. तेव्हा उठून अंगणात जाऊन येते, मोबाइल आत ठेवून. पट वीसच्या वर टिकेल की नाही हे माझ्या हातात पूर्णपणे नाही आणि त्याबद्दलची काळजी खरी आहे.

आमच्या गटाने केंद्रप्रमुखांना एक अर्ज दिला: शिक्षण परिषदेच्या विषयपत्रिकेत शेवटचा तास मुख्याध्यापकांच्या चर्चेसाठी राखून ठेवावा, त्यात माहिती मागू नये, आणि तो तास व्यावसायिक विकासाच्या तासांत धरावा. पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. तिसरीसाठी आम्ही डाएटला (जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेला) लिहिलं आहे. उत्तर आलं नाही तर पुढच्या परिषदेनंतर पुन्हा लिहू. या वेळी सही करायला शेजारच्या केंद्रातले दोघे तयार आहेत.