पाव सेकंदाचा हिशेब

साताऱ्यात शालेय स्पर्धेत, फक्कीने आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर, मी शंभर मीटर 12.1 सेकंदांत धावलो होतो आणि पुढे कित्येक वर्षे तो आकडा चारचौघांत सांगत राहिलो. घड्याळ सरांच्या हातात होते. हाताने वेळ घेणारा माणूस पिस्तुलाचा धूर दिसल्यावर कळ दाबतो, म्हणून सुरुवातीला किंचित उशीर होतो. शेवटी मात्र धावपटू रेषेकडे येताना दिसतच असल्याने बोट अचूक पडते. त्यामुळे अशा वेळेत 0.24 सेकंद मिळवूनच ती विद्युत घड्याळाशी ताडण्याचा प्रघात आहे. म्हणजे माझे 12.34. छोट्या अंतराच्या शर्यतींत हाताच्या वेळेचे जागतिक विक्रम 1977 पासून ग्राह्य धरले जात नाहीत, ते उगीच नव्हे.

भालाफेकीत तर साधनच बदलावे लागले. उवे होन याने 1984 मध्ये 104.80 मीटर भाला फेकला (नीरज चोप्राला काही काळ शिकवणारा हाच), तेव्हा मैदान अपुरे पडण्याची धास्ती निर्माण झाली. भाला सपाट पडत असल्याने टोक टेकले की नाही, हा वादही जुनाच होता. म्हणून 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवण्यात आला, टोक लवकर खाली झुकू लागले आणि विक्रमांची वही नव्याने सुरू झाली. यान झेलेझ्नी याचे 1996 मधील 98.48 मीटर या वहीत आजही पहिले आहेत.

कोवळ्या क्रीडाप्रकारांत विक्रम भराभर पडतात. महिलांची स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) 2008 मध्ये ऑलिंपिकमध्ये आली आणि तेथेच 8:58.81 चा विक्रम झाला; दहा वर्षांत तो 8:44.32 वर उतरला. आमच्या माण तालुक्यातील ललिता बाबर 2016 मध्ये रिओच्या अंतिम फेरीत दहावी आली, ती याच धावपळीच्या काळात. याउलट पुरुषांची लांब उडी 1968 मधील 8.90 वरून 1991 मध्ये 8.95 वर गेली आणि तेथेच थांबली.

शेजारच्या सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या 55 किलो वजनगटात एकूण 248 किलो उचलून रौप्य मिळवले. सुवर्ण एका किलोने हुकले. हा गट 2018 मध्ये 56 किलोच्या जागी आला होता आणि 2025 मध्ये तोही बंद झाला. दोन्ही गटांतील जागतिक विक्रम आता कोणीच मोडू शकणार नाही.