स्टॅफर्डशायरच्या बागेतली बार्शी लाइट

"बार्शीचे? म्हणजे बार्शी लाइटच्या बार्शीचे?"

सत्तरी ओलांडलेल्या त्या गृहस्थांनी हे विचारलं आणि मला क्षणभर बोलताच येईना. इंग्लंडात येऊन अकरा वर्षं झाली होती. गाव कुठलं असं कुणी विचारलं की मी मुंबई सांगायचो. त्या दिवशी तोंडून बार्शी निघालं आणि समोरच्या माणसाला ते माझ्या आधीपासून ठाऊक होतं.

बागेतल्या छोट्या आगगाड्या स्वतःच्या हातानं घडवणाऱ्यांच्या मंडळाचं ते शरदातलं संमेलन होतं. इथली घड्याळं ऑक्टोबरअखेरीस एका रविवारी तासभर मागे जातात. त्याच्या आदल्या शनिवारी, गेली कित्येक वर्षं, आम्ही स्टॅफर्डशायरमधल्या या एका बागेत जमतो. यजमानांना बार्शी का ठाऊक, ते त्यांनी मला रुळांजवळ उभं करून सांगितलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं बार्शी लाइट ही छोट्या रुळांची रेल्वे उभारली, 1897 साली ती धावू लागली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, आणि कुठल्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार नाही. म्हणून हलक्या रुळांवरही भरपूर माल नेता यायचा. हेच गणित घेऊन कॅलथ्रॉप पुढे इथल्या मॅनिफोल्ड खोऱ्यात आले. 1904 साली हल्म एंड ते वॉटरहाउसेस ही आठ-सव्वाआठ मैलांची गाडी सुरू झाली, 1934 साली बंद पडली. आता त्या वाटेवर लोक पायी आणि सायकलनं फिरतात. बार्शीची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली, मॅनिफोल्डची दोन्हीही तिथलीच. मॅनिफोल्डच्या इंजिनाच्या कपाळावरचा तो भला मोठा दिवा मी यजमानांच्या मॉडेलवर पाहिला आणि बार्शी लाइटचं कुर्डुवाडीचं यार्डच डोळ्यांसमोर आलं.

आमचे आप्पा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांचा माप घ्यायचा कॅलिपर माझ्याकडे आहे. त्याच हिवाळ्यात तो बाहेर काढला आणि बार्शीचं आठ जोडचाकांचं जुनं इंजिन करायला घेतलं. माप ठरवणं सोपं गेलं. फुटाला अर्धा इंच धरलं की अडीच फुटांचे सव्वा इंच होतात, म्हणजे बागेत सर्रास वापरतात ते 32 मिलिमीटरचे रूळ. पितळेचा पत्रा कापणं, बॉयलरला चांदीचं डाखकाम, लेथवर चाकं काढणं, यात तीन हिवाळे गेले. पहिल्याच फेरीला सफरचंदाच्या झाडाजवळच्या वळणावर इंजिन रुळांवरून उतरलं. आठ चाकांचा लांब सांगाडा त्या वळणात मावेना. यजमानांनी ते उचलून चाकं निरखली आणि म्हणाले, "मधल्या दोन जोड्यांचे फ्लँज काढून टाका." फ्लँज म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणारी कड. पुढच्या वर्षी त्याच वळणावरून ते सुरळीत गेलं. मी आप्पांना फोनवर ऐकवलेला तो शिट्टीचा आवाज त्यांनी पुन्हा पुन्हा वाजवायला लावला.

खरी वाफेची गाडी शरदातच बघावी. उन्हाळ्यात धुरांड्यातून निघालेली वाफ दिसेपर्यंत विरून जाते. ऑक्टोबरच्या गार, ओलसर हवेत ती पांढरी शुभ्र होऊन सगळ्या डब्यांवरून मागे रेंगाळते. पण ही हवा कामालाही लावते. सकाळी रुळांवर दव असतं, त्यावर बीच झाडांची पानं चिकटलेली, आणि चाकाखाली पान चिरडलं की रूळ साबण लावल्यासारखा होतो. म्हणून पहिला तास सगळे गुडघ्यांवर बसून ब्रश आणि फडकं फिरवतात. सांध्यात अडकलेलं ओकचं बोंड बोटानं काढावं लागतं. थंडीत बॉयलर तापवणाऱ्या गॅसचा दाब पडतो, ज्योत मंद होते. मग टाकीभोवती गरम पाण्याचं भांडं धरायचं. दाबाचा काटा 40 वर जाऊन सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसला की कुणीतरी हमखास "चला!" म्हणतं. मीच शिकवलेला शब्द आहे तो.

दुपारी यजमानीणबाई ओटकेक करतात. हा इथला खास पदार्थ. नाव केकचं, पण ओटच्या पिठाचं आंबवून केलेलं पातळ घावनच ते. आत चीज घालून गुंडाळतात. दुसऱ्या वर्षी मी सोलापुरी शेंगाचटणी नेली. तेव्हापासून चीजवर चटणी भुरभुरल्याशिवाय तिथे कुणी ओटकेक खात नाही, आणि मी बरणी विसरलो नाही ना, याची आठ दिवस आधी चौकशी होते.

हे संमेलन आणि कार्तिकी एकादशी जवळजवळ येतात. लहानपणी वारीच्या दिवसांत पंढरपूरकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसे, माणसं टपावर बसून जात. म्हणून डबे झाले तसे मी वारकरी करायला लागलो. सात सेंटिमीटरचे, मातीचे, दर वर्षी पाच-सहा. पागोटी मी बांधतो, पताका यजमानांची नात कापून देते. टाळ कसा धरतात ते मी तिला दाखवलं, तेव्हापासून हातही तीच वळवते. आता टपावर चौतीसजण आहेत.

शेवटची फेरी दिवेलागणीला. बाकी सगळी इंजिनं थांबतात आणि माझी गाडी एकटी निघते. कपाळावरचा दिवा लागलेला, वाफ खाली जमिनीलगत पसरलेली. गप्पा आपोआप बंद होतात. सफरचंदाच्या वळणावर दर वर्षी एखादा वारकरी पडतोच, मग नात टॉर्च घेऊन पानांत शोधते.

गेल्या वर्षी मात्र एक सापडला नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही सगळ्यांनी पानं चाळली. मार्चमध्ये घरी एक छोटं खोकं आलं. आत कापसात तो वारकरी होता. पताका पांढरी पडलेली, एक टाळ गेलेला. सोबत नातीची चिठ्ठी होती: फर्नखाली मिळाला, नवीन पताका मी कापून ठेवली आहे, ऑक्टोबरमध्ये याला नक्की घेऊन या.