आधी मोरी बघ, मग खोली

आमच्या आईनं पंचवटीत तीसेक वर्षं यात्रेकरूंना खोल्या दिल्या. रामकुंडापासून पाच मिनिटांवर जुना वाडा, वरच्या मजल्यावर तीन खोल्या. अस्थी विसर्जनाला, श्राद्धाला आलेली माणसं एक-दोन रात्री राहून जायची. माणूस खोली बघायला आला की काय विचारतो, यावरून आई त्याला ओळखायची. आल्या आल्या भाडं विचारणारा सकाळी हिशेबाला कटकट करणार. आधी मोरी दाखवा म्हणणारा शहाणा, त्याला ती स्वतःहून पन्नास रुपये कमी सांगायची. ‘आधी मोरी बघ, मग खोली’ हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

त्यामुळे २०२५ च्या मे महिन्यात सिंगापूर-मलेशियाला जायचं ठरलं आणि हॉटेलं शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा परीक्षक आमच्याबरोबरच येणार होती. वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. शिवाय मी, नवरा, चौदा वर्षांची लेक आणि आठ वर्षांचा चिरंजीव. नवऱ्यानं आठ रात्रींच्या राहण्याला ऐंशी हजार रुपये बांधून दिले आणि हात झटकले.

फेब्रुवारीपासून मी रोज रात्री जेवणं उरकली की मोबाइल घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी सगळे करतात तेच केलं, ‘स्वस्त ते आधी’ असं लावून यादी काढली. सिंगापूरच्या यादीत वरती बरीचशी गेलांग भागातली. फोटो चकाचक, भाडं निम्मं. मी तर एक जवळजवळ बुक केलंच होतं. मग राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचायला घेतले, तेव्हा एकानं लिहिलेलं दिसलं की इथे खोली तासावर पण मिळते. पुढचं सांगायला नको. गेलांगच्या काही गल्ल्या सिंगापूरचा रेड लाइट एरिया आहेत. तिथे खायला फार छान मिळतं म्हणतात, एकट्यादुकट्यानं राहायला हरकत नसेलही, पण म्हातारी आई आणि चौदा वर्षांची पोरगी घेऊन रात्री अकराला त्या गल्लीतून यायचं मला झेपणार नव्हतं. तेव्हापासून अभिप्राय वाचायची माझी पद्धत ठरली. दहापैकी दहा देणारे सोडायचे, एक देणारेही सोडायचे (त्यांचं बहुतेक रिसेप्शनवाल्याशी भांडण झालेलं असतं). सहा-सात देणारे वाचायचे, आणि तेही गेल्या सहा महिन्यांतले. चूक कुठे आहे ते हीच माणसं नीट सांगतात.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘अगं, कुणाचं तरी घरच घे की भाड्यानं, आम्ही गोव्यात घेतो तसं.’ सिंगापूरमध्ये ते चालत नाही. खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीनं भाड्यानं देणं तिथे बेकायदा आहे आणि सरकारी एचडीबी घरांना तर किमान सहा महिने. तरीही कुणी देऊ करत असेल, तर उद्या दारात तपासणीवाले आले की उत्तर आपण द्यायचं. म्हणजे हॉटेलच.

भाग ठरवला लिटल इंडिया. डोसा मिळेल म्हणून ना, असं सगळे विचारतात. तेही आहेच, पण खरं कारण मेट्रो. लिटल इंडिया स्टेशनवर दोन लाइनी मिळतात. डाउनटाउन लाइननं बेफ्रंट चौथं स्टेशन, म्हणजे मरीना बे आणि गार्डन्स बाय द बे. नॉर्थ ईस्ट लाइननं हार्बरफ्रंट पाचवं, तिथून सेंतोसा बेट. लांबच्या स्वस्त हॉटेलात रोज वाचणारे पैसे पाच माणसांच्या भाड्यात आणि आईच्या गुडघ्यांत जातात, हे मी कागदावर मांडून नवऱ्याला दाखवलं. तो गुडघ्यांपाशी गप्प झाला.

मग सात हॉटेलांना ईमेल केली. चारच प्रश्न. लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून आहे का? बाथरूममध्ये शॉवर आणि कमोड यांच्यामध्ये काच किंवा पडदा आहे का? दोन खोल्या शेजारी-शेजारी मिळतील का? सकाळी लवकर आलो तर सामान ठेवता येईल का? लिटल इंडियातली बरीच स्वस्त हॉटेलं जुन्या दुकान-घरांत आहेत, खाली दुकान आणि वर खोल्या, आणि जिना आपल्या वाड्याच्या जिन्याचा सख्खा भाऊ. एकानं ‘लिफ्ट आहे’ असं छातीठोक लिहिलं. नकाशावर रस्त्याचा फोटो उघडून बघितला तर दारातच बारा पायऱ्या, लिफ्ट त्यांच्यानंतर. सातपैकी तिघांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकानं बाथरूमचा फोटो पाठवला, चक्क मोबाइलवर काढलेला, कोपऱ्यात पोछ्याची बादलीसुद्धा आलेली. आई म्हणाली, ‘हेच घे. बादली लपवली नाही म्हणजे बाकीचंही लपवणार नाही.’

साइटवरच्या फोटोंत बाथरूमचा फोटो नसतो आणि पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला असतो, तिथून मी आता निमूट पुढे जाते.

भाड्याचं मात्र नीट समजून घ्या. सिंगापूरमध्ये बऱ्याच ठिकाणी जो आकडा आधी दिसतो त्याच्यापुढे दोन अधिक चिन्हं असतात. एक अधिक म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज, दुसरं म्हणजे जीएसटी, जो २०२४ पासून ९ टक्के आहे आणि सर्व्हिस चार्ज धरून झालेल्या रकमेवर लागतो. आमची खोली ९५ सिंगापूर डॉलरची. त्यावर साडेनऊ चढले, १०४.५०. त्यावर जीएसटी, झाले ११३ डॉलर ९० सेंट. त्या वेळी डॉलर ६६ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे एका खोलीचे रात्रीला साडेसात हजार. आणि खोल्या दोन लागल्या. आपल्याकडे लॉजवर ‘एक गादी टाका हो खाली’ म्हटलं की काम होतं. तिथे खोलीत किती माणसं याचा आकडा ठरलेला. रिसेप्शनवरच्या पोरानं पाच पासपोर्ट टेबलावर पत्त्यांसारखे मांडून मोजले आणि मगच किल्ल्या दिल्या.

व्हिसाच्या अर्जात सिंगापूरमधला राहण्याचा पत्ता लागतो, म्हणून आधी फुकट रद्द होणारं बुकिंग केलं होतं. मार्चमध्ये त्याच हॉटेलचा भाव उतरलेला दिसला, तेव्हा नवीन केलं आणि जुनं रद्द. हा उद्योग मी दोनदा केला. रद्द न होणारं घेतलं असतं तर आणखी थोडं वाचलं असतं, पण आठ वर्षांच्या मुलाला प्रवासाच्या आदल्या दिवशी ताप येणार नाही याची हमी कोण देतं?

निघालो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जूनला खुला झाला, आम्ही त्याच्या पंधरा दिवस आधी, म्हणून कसारा घाटातून ट्रकच्या मागे मागे मुंबई गाठली. रात्रीचं विमान, सकाळी सिंगापूर. चांगीहून एक्स्पोला उतरून डाउनटाउन लाइन धरली. साडेनऊला हॉटेलच्या दारात आणि चेक-इन दुपारी तीनला.

इथे माझं गणित चुकलं होतं. सामान ठेवायचं विचारलं होतं, पण आई अंघोळ केल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही हे मी, तिची पोटची पोर, विसरले होते. लॉबीतल्या बेसिनवर तिनं हात-पाय-तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, ‘प्रवासात चालतं.’ पण चेहरा चालत नव्हता. टेक्का सेंटरमध्ये इडली खाऊन परत आलो तरी अकराच. शेवटी एक खोली बाराला तयार झाली, तीस डॉलर जादा देऊन. पहाटे पोचणाऱ्या विमानाला असा काहीतरी खर्च धरूनच चालायला हवा, आधी कळवलं असतं तर तीसचे वीस झाले असते असं तो पोरगाच नंतर म्हणाला.

खोली छोटी पण स्वच्छ. आईनं पहिल्यांदा मोरी पाहिली. नळ सोडून बघितला, जाळीवर पाणी किती वेळ थांबतं ते बघितलं, दाराच्या मागे खुंटी आहे का बघितलं. मग गादीची कड उचलून शिवण तपासली, ढेकणांसाठी. ‘ठीक आहे’ म्हणाली. कमोडला जेट नव्हता, पण तिनं नाशिकहून प्लास्टिकचा मग आणलेलाच होता. आम्ही बॅग भरताना तिला हसलो होतो. चारही दिवस तो मग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत होता.

दुसऱ्या दिवशी मी उठले आणि घड्याळात पावणेदहा. शेजारच्या खोलीत गेले तर आई काळोखात पलंगावर बसलेली, हातात जपमाळ. ‘किती वाजले गं? मी चारदा जप केला, उजाडतच नाही इथे.’ मी लगबगीनं जाऊन खिडकीचा पडदा ओढला. मागे भिंत. पांढरी, सपाट, रंगवलेली भिंत. त्यांनी भिंतीला पडदा लावला होता! लेक इतकी हसली की खाली बसली. आई हसली नाही. ‘माझ्या खोल्यांना निदान झरोका होता,’ एवढंच म्हणाली.

बुकिंग परत उघडून पाहिलं. खोलीच्या नावाच्या शेवटी बारीक अक्षरांत ‘खिडकी नाही’ असं लिहिलेलं होतंच. सिंगापूरच्या स्वस्त हॉटेलांत ही अगदी सर्रास गोष्ट आहे. मी मोरीचं विचारलं, लिफ्टचं विचारलं, खिडकीचं विचारायचं डोक्यातच आलं नाही, कारण खोली म्हटली की खिडकी असतेच असं आपण धरून चालतो. रात्रीला पंधरा डॉलर जास्त देऊन आईची खोली बदलून घेतली. नव्या खिडकीतून पलीकडच्या इमारतीच्या एसीच्या मशिनी आणि पाइप दिसायचे. आई खुर्ची टाकून तिथेच चहा प्यायची.

पैसे देताना मशीनवर ‘रुपयांत की डॉलरमध्ये’ असं विचारतात. आपल्याला वाटतं रुपये बरे, समजतात तरी. डॉलरच म्हणायचं. रुपयांत घेतले की विनिमयाचा दर त्यांचा लागतो आणि तो आपल्या सोयीचा नसतो. कार्डाचा स्वतःचा फॉरेक्सचा आकारही विचारून ठेवा, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो.

क्वालालंपूरला बसनं गेलो. हद्दीवर मलेशियाच्या बाजूला सगळं सामान खाली उतरवून स्कॅन करावं लागतं, तेवढाच त्रास. भारतीयांना तिथे सध्या व्हिसा लागत नाही. आणि तिथे सर्व्हिस अपार्टमेंट सर्रास मिळतात, म्हणून बुकित बिंतांगजवळ दोन बेडरूमचं घेतलं, तेविसाव्या मजल्यावर, रात्रीला २६० रिंगिट, म्हणजे साधारण पाच हजार दोनशे रुपये. सिंगापूरच्या एका बिनखिडकीच्या खोलीपेक्षा कमी. परदेशी पाहुण्यांना खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर पडतो, तो वेगळा.

अपार्टमेंटची गोम अशी की रिसेप्शन नसतं. किल्ली खालच्या मजल्यावर एका पेटीत, पेटीचा नंबर मालक व्हॉट्सअॅपवर पाठवणार, आणि आमच्या फोनमध्ये तिथलं सिमच नाही. अर्धा तास सामानावर बसून काढला. शेवटी लेकीनं समोरच्या दुकानातलं वायफाय मागून आणलं. सिम हद्दीवरच घ्यायचं होतं.

पण वर गेलो आणि आईचा जीव भांड्यात पडला. गॅस नव्हता, इंडक्शन होतं. कुकर नव्हता, पातेलं होतं. वॉशिंग मशीन होतं! चार दिवसांचे मळके कपडे धुऊन निघाले, आणि बेसन नाशिकहून आलेलंच होतं. पहिल्या रात्री पिठलं-भात. खिडकीतून, दोन इमारतींच्या फटीतून, पेट्रोनास टॉवरचा वरचा तुकडा उजळलेला दिसत होता. दुसऱ्या दिवशी बाटू केव्ह्जच्या २७२ पायऱ्या आम्ही चढलो, आई खाली मुरुगनच्या मूर्तीपाशी बसली. ‘वणीच्या गडाला ट्रॉली झाली, यांना नाही सुचलं,’ असा शेरा मारून.

हिशेब ऐंशीच्या वर साडेसात हजारांच्या आसपास गेला. त्यात अंघोळीचे तीस आणि खिडकीचे पंचेचाळीस डॉलर, आणि त्यांच्यावरचे टॅक्स. ते खर्च झाले याचं मला वाईट वाटत नाही, नवऱ्याला वाटतं.

परत आल्यावर भाऊ वाड्यातल्या खोल्या ऑनलाइन टाकायच्या मागे लागलाय, २०२७ चा सिंहस्थ येतोय ना. परवा फोटो काढायला मुलं आली होती, पलंगावर नवी चादर, वर झेंडूची फुलं. आईनं त्यांना हाताला धरून मागे नेलं, मोरीचं दार उघडलं आणि म्हणाली, ‘पहिला फोटो इथला. मग झरोक्याचा. फुलं राहू द्या.’