"नंबर दे ना"

परवा लेक एसटी स्टँडवरून आली ती गप्पच. दप्तराचा बंद मुठीत घट्ट. भाकरी थापत होते तेव्हा हळूच म्हणाली, "आई, एक मुलगा रोज वाट अडवतो. नंबर दे म्हणतो."

पोटात गोळा आला. "तूच हसली असशील" हे मी तिच्या वयाची असताना ऐकलं होतं, आणि नंतर घरी कधी काही सांगितलंच नाही. ते वाक्य मी गिळलं.

ओट्यापाशीच सराव केला. मी वाट अडवायची, तिने ओरडायचं, "बाजूला हो!" आधी आवाजच फुटेना. पाचव्यांदा अशी ओरडली की शेजारच्या काकू धावत आल्या.

नकारानंतरही मागे लागणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, हेही सांगितलं. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय.